जमीन हलते; नोंद कोणाच्या हाती?

रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे. गावाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि पुष्कळ ठिकाणी त्याखाली लहान अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. गाडी सुटेपर्यंत चुणचुणीत मूल ते वाचते आणि विचारते, "ही उंची मोजली कुणी? आणि ती कधी बदलत नाही का?" आईबाप पिशव्या मोजण्यात गुंतलेले असतात. "गप बस" एवढेच उत्तर मिळते. पण मुलाचे दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. त्यांचीच उत्तरे आज आम्हाला वाचकांपुढे ठेवायची आहेत.

आम्ही कचेरीतले कारकून. शिक्षण बी.कॉम. पृथ्वीच्या पोटात काय चालते हा आमचा विषय नव्हे. परंतु वस्तीत काम करायचे म्हटले की जमिनीशी संबंध येतोच. कुणाचा सातबारा, कुणाला आलेली नोटीस, पावसाळ्यात कुणाच्या घरामागे उतरलेली माती. त्या ओघात आम्ही हा विषय वाचू लागलो, जाणकारांना विचारू लागलो, आणि वस्तीच्या अभ्यासिकेत मुलांना सांगू लागलो. जमीन म्हणजे स्थिर वस्तू अशी आपली समजूत असते. ती समजूत मोजमापापुढे टिकत नाही.

आपल्या देशात जमिनीचे शास्त्रशुद्ध मोजमाप फार जुने आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने साखळी टाकून पहिली सरळ रेषा मोजली आणि तिच्या आधाराने त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत सारा हिंदुस्थान मोजण्याचे काम सुरू केले. हेच लॅम्टन काम करता करता १८२३ साली आपल्या विदर्भात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तेथेच आहे. कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र अर्धा टन वजनाचे होते. ते डोंगरावर, देवळांच्या शिखरांवर, जंगलांतून कोणी वाहिले? लॅम्टनसाहेबांनी नव्हे. खलाशांनी, हमालांनी, वाटाड्यांनी वाहिले. हिवतापाने त्यांतले कितीतरी गेले. हिंगणघाटला साहेबांची कबर आहे. त्या माणसांची नावे मात्र इतिहासाच्या पुस्तकात शोधूनही सापडत नाहीत. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचे नाव तरी उरले. या खात्यातील गणकांचे ते प्रमुख होते. कागद-पेन्सिलीच्या हिशेबाने निघालेली एव्हरेस्टची उंची १८५६ साली जाहीर झाली ती २९,००२ फूट. नेपाळ आणि चीन यांनी २०२० साली आधुनिक साधनांनी मोजून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर. दोन्हींत फरक नऊ मीटरांच्या आसपास! शंभर मैलांहून जास्त अंतरावरून डोंगराकडे बघत केलेला हा हिशेब होता, हे ध्यानात घ्यावे.

हा जुना हिशेब पुढे कसा कामी आला पाहा. १२ जून १८९७ रोजी आसाम-शिलाँग भागात प्रचंड भूकंप झाला. सर्वेक्षण खात्याने आपल्या जुन्या खुणा पुन्हा मोजल्या, तेव्हा त्या आपल्या जागी नव्हत्या. डोंगरच सरकले होते. ते आकडे दप्तरात राहिले. शंभर वर्षांनंतर, २००१ साली, शास्त्रज्ञांनी तेच आकडे बाहेर काढून शिलाँगच्या पठाराखाली नेमकी कुठे भेग सरकली याचा हिशेब मांडला. आम्हा कारकुनांना कुणी शाबासकी देत नाही. पण कुणा कारकुनाने नीट लिहून, तारीख घालून ठेवलेला आकडा शंभर वर्षांनी बोलतो, हे वाचून आम्हाला खरोखर आनंद झाला.

आता साखळीची जागा उपग्रहांनी घेतली आहे. जीपीएस हा शब्द आज रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. मोबाईलमध्ये रस्ता दाखवणारी व्यवस्था ती हीच. तिचे काम असे चालते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अत्यंत अचूक अणुघड्याळ असते. उपग्रह सारखे सांगत असतो, "मी अमुक ठिकाणी आहे, आता इतके वाजले आहेत." हा संदेश आपल्या यंत्रापर्यंत यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रहाचे अंतर निघते. अशी निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा ठरते. चौथा कशाला? तर आपल्या यंत्रातले घड्याळ स्वस्तातले असते, त्याची चूक काढायला. संदेशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते! अमेरिकेचा जीपीएस, तसेच रशिया, युरोप, चीन यांचे उपग्रह आहेत, आणि आपल्या भारताची 'नाविक' ही व्यवस्था आहे.

मोबाईलचे मोजमाप काही मीटरने इकडेतिकडे होते. रस्ता शोधायला तेवढे पुरे. पण जमीन सरकते का हे बघायला मिलिमीटर लागतात. म्हणून शास्त्रज्ञ खडकात पक्का खांब रोवतात, त्यावर चांगला अँटेना बसवतात आणि तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालू ठेवतात. संदेशाची जी लहर येते तिची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर. त्या लहरीचाही बारीक भाग मोजतात. हवेमुळे, ओलाव्यामुळे येणारी चूक वजा करतात. हजारो मोजण्यांची सरासरी काढतात. मग कळते की हा खांब वर्षाला किती आणि कुठे सरकला. बंगळूर आणि हैदराबाद येथे अशी आंतरराष्ट्रीय दर्जाची केंद्रे आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागानेही अशी कायम चालणारी केंद्रे देशभर उभारली आहेत.

या खांबांनी सांगितलेली गोष्ट अशी. आपला भारत, त्यातल्या सर्व गावांसह, वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हापासून आजवर हा देश जवळजवळ चार मीटर सरकला. आपल्याला कळत नाही, कारण आपले घर, शेजारी, नदी, रस्ता सगळेच बरोबर सरकते. पण उत्तरेला हिमालयापाशी अडते. या पाच सेंटीमीटरांपैकी सुमारे दोन सेंटीमीटर नेपाळच्या हिमालयात दाबले जातात. खाली मोठी भेग आहे, ती आवळून बसलेली आहे. वरची जमीन सरकू शकत नाही, पण दाब तर रोज येतो.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ही उधारी आहे. दर वर्षी दोन सेंटीमीटर खात्यावर चढतात. शंभर वर्षांत दोन मीटर. सावकार किती दिवस थांबेल ते सांगता येत नाही, पण उधारी किती साठली आहे ते जीपीएसमुळे सांगता येते. वसुली होते तो भूकंप.

अशी एक वसुली २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये झाली. काही सेकंदांत काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर वर उचलला गेला आणि दीड-दोन मीटर दक्षिणेकडे सरकला. तेथे आधीपासून बसवलेल्या जीपीएस खांबांनी हे सगळे टिपून ठेवले. सुमारे नऊ हजार माणसे गेली. दगडमातीची, विटांची घरे डोंगरपट्ट्यात ओळीने झोपली. त्या दिवशी शनिवार होता. नेपाळमध्ये शनिवारी शाळांना सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या पडल्या, पण त्या रिकाम्या होत्या. हे वाचून कोणत्या आईच्या अंगावर काटा येणार नाही?

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत तेव्हा नेपाळचे एक चौकीदार होते. सगळे त्यांना बहादूर म्हणत; खरे नाव विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली होती. तीन दिवस त्यांचा घरी फोन लागेना. चौथ्या दिवशी लागला. घर पडले होते, पोरे शेतात होती म्हणून वाचली. आम्ही वर्गणी गोळा करून भाड्याचे पैसे दिले. निघताना ते म्हणाले, "साहेब, तिकडे सगळे म्हणायचे, मोठा भूकंप येणार आहे. पण घर कसं बांधायचं ते सांगायला कुणी आलं नाही." हे वाक्य आमच्या कानांतून अजून जात नाही. उधारी किती आहे ते शास्त्रज्ञांना ठाऊक होते, त्यांनी ते छापलेही होते. पण ज्याच्या डोक्यावर दगडाची भिंत होती त्याच्यापर्यंत ते पोचले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भूकंप कोणत्या दिवशी, किती वाजता होणार हे जीपीएस सांगू शकत नाही. तसे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. आणि दर वेळी उधारी दिसतेच असेही नाही. आपल्या किल्लारीचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, लोक दमून झोपलेले. चार वाजायच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची कितीतरी गावे जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. हा भाग त्या वेळच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! आम्ही तेव्हा शाळेत होतो. गावोगाव डबे फिरवून मदत गोळा केलेली आठवते. पुढे दक्षिण भारताचे जीपीएस मोजमाप झाले, तेव्हा दिसले की या पठाराच्या आतला ताण वर्षाला एक-दोन मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. म्हणजे उधारी इतकी हळू साठते की खात्यात दिसत नाही. अशा ठिकाणी घर हाच उपाय. किल्लारीत जीव घेतला तो जमिनीने कमी आणि जाड दगडी भिंतींनी व माळवदाच्या मातीच्या ओझ्याने जास्त.

जमिनीच्या हालचालीचे आणखी नमुने आहेत. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात पाण्याचे एवढे ओझे होते की नेपाळमधले जीपीएस खांब किंचित खाली जातात आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येतात. धरती जणू पाणी वजन करून घेते. पण माणसाने उपसलेले पाणी सहजी भरून येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या एका खोऱ्यात शेतीसाठी जमिनीतले पाणी इतके उपसले की १९२५ ते १९७७ या काळात जमीन सुमारे २८ फूट खचली. तेथे विजेच्या खांबावर वर्षांच्या पाट्या लावून काढलेला फोटो जगभर प्रसिद्ध आहे. पूर्वी हे दुर्बिणीने आणि पट्टीने मोजावे लागे, आता उपग्रहाने मोजतात. समुद्राचेही तसेच. मुंबईच्या अपोलो बंदरात १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद आहे. पण पाणी वर आले की जमीन खाली गेली, हे नुसत्या पट्टीवरून कळत नाही. पट्टीशेजारी जीपीएस ठेवला तरच दोन्ही हिशेब वेगळे होतात. मुलाने स्टेशनवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे: होय बाळा, उंची बदलते, आणि ती बदललेली मोजता येते.

मोजता येते, हे खरे. मग मोजलेले कोणाला सांगायचे? येथेच आमच्या मते खरा प्रश्न सुरू होतो.

उत्तराखंडातील जोशीमठ हे डोंगरउतारावर, जुन्या दरडीच्या मातीवर वसलेले गाव. तेथे अवजड बांधकाम नको, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ सालीच दिला होता. तो कागदावर राहिला. २०२३ च्या जानेवारीत तेथे आठशेहून जास्त घरांना तडे गेले. थंडीत लोक मुलाबाळांसह छावण्यांत गेले. त्या वेळी इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने उपग्रहचित्रांवरून माहिती दिली की एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या काळात जमीन सुमारे ९ सेंटीमीटर खचली होती आणि २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या अवघ्या बारा दिवसांत ५.४ सेंटीमीटर. किती मोलाची माहिती! पण लगेच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संस्थांना कळवले की वृत्तपत्रांशी बोलू नका, आकडे देऊ नका. कारण काय, तर लोकांत गोंधळ होतो. इस्रोच्या केंद्राचा तो अहवाल संकेतस्थळावरून दिसेनासा झाला. पुढे तज्ज्ञ संस्थांचे अहवालही महिनोन्महिने बंद राहिले. हे गुप्त ठेवण्याचे कारण काय, असे उच्च न्यायालयाने विचारल्यावर २०२३ च्या सप्टेंबरात ते बाहेर आले.

आम्ही विचारतो, गोंधळ आकड्याने होतो की अंधाराने? ज्याच्या चुलीखालची जमीन खचते आहे त्याला ती किती खचली हे कळू नये, हा कोणता न्याय? लोकांना आकडे समजत नाहीत असे म्हणणारांना आम्ही सांगू इच्छितो की महिन्याच्या पगारात घर चालवणारी बाई कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा आकडे चांगले समजते.

जपानकडे पाहा. तेथे सुमारे १,३०० जीपीएस केंद्रे देशभर आहेत. ११ मार्च २०११ च्या भूकंपात ओशिका द्वीपकल्पातील केंद्र ५.३ मीटर सरकले आणि १.२ मीटर खचले. इशिनोमाकीत भरतीचे पाणी रस्त्यांवर येऊ लागले. पण हे आकडे सरकारने स्वतः लोकांपुढे ठेवले. त्यांच्या केंद्रांची मोजमापे सर्वांना पाहता येतात. लोक घाबरून वेडे झाले नाहीत. कोणता रस्ता, कोणता धक्का किती उंच करायचा ते त्यावरून ठरवता आले.

आपल्याकडे १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी गाडली गेली. ही वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले. पावसात एकाएकी सुटणारी दरड प्रत्येक वेळी उपग्रह आधी सांगेल असे नाही. पण यादी करताना कोणाच्या दारापर्यंत पाहणी जाते आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न उपग्रहाचा नाही. तो माणसांचा आहे.

आमच्या वस्तीचा अनुभव सांगतो. टेकडीच्या पायथ्याशी घरांची एक रांग आहे, मागे जुनी संरक्षक भिंत. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये तेथील एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "दादा, मागचं दार घासतंय. पावसानं फुगलं म्हणावं, तर आता कडीही बसेना." जाऊन पाहिले तर भिंतीला उभा तडा. आम्ही विचारले, "मावशी, घरात पेन्सिल आहे का?" त्यांची मुलगी दहावीत होती. तिला सांगितले, तड्याच्या दोन्ही बाजूंना खूण कर, तड्याच्या टोकाला रेघ मार, शेजारी तारीख लिही, आणि दर रविवारी पट्टीने अंतर मोजून वहीत लिही. तिने नेमाने लिहिले. जूनमध्ये चार मिलिमीटर होते, सप्टेंबरात अकरा झाले.

संबंधित कार्यालयात पहिला अर्ज दिला तेव्हा उत्तर मिळाले, "तडा जुना आहे, निधी नाही." दुसऱ्या अर्जाला आम्ही त्या वहीची नक्कल जोडली आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. तिसऱ्या आठवड्यात कनिष्ठ अभियंता आले. भिंतीतून पाणी निघण्याची भोके बुजलेली होती, मागे पाणी साचून भिंत पुढे ढकलली जात होती. सात कुटुंबांना पावसाळा संपेपर्यंत शाळेच्या खोल्यांत हलवले. पुढच्या उन्हाळ्यात भिंतीचा तेवढा भाग उतरवून नव्याने बांधला. अभियंत्यांनी त्या मुलीची वही मागून घेतली आणि म्हणाले, "हे काम आमच्या माणसाने करायला हवे होते."

उपग्रह आणि पेन्सिल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण दोन्हींचा नियम एकच. पक्की खूण, तारीख, पुन्हा पुन्हा मोजणी, आणि लिहिलेले जपून ठेवणे.

म्हणून बंधुभगिनींनो, उतारावर, नाल्याकाठी, जुन्या भिंतीखाली राहणाऱ्या आपल्या माणसांनी काही गोष्टी कराव्यात. तडा दिसला की खूण करा, तारीख घाला. दार आखडणे, फरशी फुगणे, खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे याची नोंद ठेवा. मोठा पाऊस असेल आणि तडा वाढताना दिसला, तर अर्जाची वाट पाहू नका, मुलाबाळांना घेऊन आधी बाहेर पडा. आपले गाव, आपली वस्ती धोक्याच्या यादीत आहे की नाही, हे ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, तहसील कार्यालयाला लेखी विचारा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. पाहणीचा अहवाल त्याखाली मागा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घर बांधताना कोपऱ्याच्या सळ्या आणि भिंतीवरचा पट्टा यांत काटकसर करू नका.

आणि मुलामुलींना गणित, भूगोल, सर्वेक्षण शिकू द्या. अर्धा टनाचे यंत्र डोंगरावर वाहणाऱ्यांची नावे कुणी लिहिली नाहीत. आता यंत्र हलके झाले आहे. ते चालवणारी, त्याचे आकडे वाचणारी आणि ते वस्तीत येऊन मोठ्याने सांगणारी माणसे आपल्या घरांतून निघाली पाहिजेत. अभ्यासिकेचे दार रविवारी सकाळी नऊला उघडते. मुलांना पाठवा, येताना वही आणि पट्टी आणायला सांगा.